वहिनीच्या नळीवरचा ठिपका

मी थापाड्या म्हणून नावाजलेला आहे, कबूल. आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमधलं लेझरचं यंत्र इतकं तिखट, की पलीकडच्या गल्लीत कुणी शिंकलं तरी त्याचा काटा हलतो, असं मी चारचौघांत खुशाल ठोकून द्यायचो. खरं काम साधंच. रक्ताच्या नमुन्यात एक रंग घालायचा, तो फक्त विषाणूला चिकटतो. मग काचेच्या नळीवर लेझर सोडायचा. विषाणू असला की हिरवं चमकतं.

वहिनी दादाला किडनी देणार होती. ऑपरेशन आठवड्यावर आलेलं, आणि तिचं रक्त तपासायला आलं माझ्याच टेबलावर. घरचं माणूस रांगेत कशाला ताटकळत ठेवायचं? नळी पटकन सापडावी म्हणून मी तिच्यावर पुस्तकातल्या ओळी रंगवायच्या चमकत्या पेनानं ठिपका दिला.

लेझर पडला आणि लख्ख हिरवं! रिपोर्ट गेला, ऑपरेशन रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी मनात पाल चुकचुकली. रिकाम्या नळीवर तसाच ठिपका देऊन ती यंत्रात घातली. तीही चमकली. विषाणू कुठला, शाई होती ती!

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तीस वर्षांत एक चूक नाही, ही माझी फुशारकी. दोन दिवस मूग गिळून बसलो. तिसऱ्या दिवशी दादाकडे गेलो, तर वहिनी खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेली. पेला वेगळा, ताट वेगळं.

"कुठून लागलं हो हे मला, भावजी?"

"त्याला काय विचारतेस," दादा आतून म्हणाला, "चंद्रावरून आलंय म्हणेल!"

"वहिनी, तुला काही झालेलं नाही. माझ्या पेनाची शाई चमकली."

"पुरे हो! निदान यात तरी थापा नकोत."

काय करणार? तिच्यासमोरच आमच्या लॅबच्या मॅडमना फोन लावला. "चूक माझी आहे. लेखी देतो. वहिनीचं रक्त पुन्हा घ्या."

फोन ठेवला. वहिनी माझ्याकडे बघत होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

ती उठली, आत गेली आणि दादाचा हात धरून बसली.

नवा रिपोर्ट स्वच्छ आला. दादा आता दोन जिने चढतो. वहिनी चहा देते, विचारपूस करते. पण मी गोष्ट रंगवायला लागलो, की ती उठून आत जाते.