चांगल्या पायाचं दुखणं

सकाळी दहाच्या तासाला आमच्या पशुविज्ञान महाविद्यालयातले सगळे वर्ग रिकामे होते. प्रयोगशाळा ओस, कार्यालय ओस. ग्रंथालय नेहमीच ओस असे, त्यामुळे तिथला फरक कळला नाही. सगळं कॉलेज घोड्यांच्या रिंगणाभोवती लोटलं होतं. आत एक महाराज घोडीचा पाय बरा करणार होते.

घोडीला सगळे ‘मास्तरीण’ म्हणत. विद्यार्थ्यांच्या नऊ तुकड्या तिच्या पाठीवरून पडून पदवीधर झाल्या होत्या. पंधरा दिवसांपासून ती पुढच्या उजव्या पायाने लंगडत होती. अश्वव्यवस्थापनाच्या तीन प्राध्यापकांनी त्यावर समिती नेमली होती. बैठक पुढच्या महिन्यात होती. प्राचार्यांना तेवढा धीर नव्हता. आज घोडी नीट चालली तर उद्या उड्यांच्या परीक्षेला, नाही तर ‘निकामी’ शेरा आणि फाटकाबाहेर. तिला शिंगरू असल्यापासून सांभाळणाऱ्या मोतद्दारमामांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. महाराजांना त्यांनीच आणलं.

“दुखऱ्या पायाला मी हात लावत नाही,” महाराज म्हणाले. “रोगाशी बोललं की रोग शेफारतो. मी चांगल्या पायाला समजावतो. म्हणतो, बाळा, भावाचं थोडं दुखणं तू घे!”

“वा!” एक प्राध्यापक म्हणाले. ते शरीररचनाशास्त्र शिकवत.

मग महाराजांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मीही मिटले. मी तिथे हेडक्लार्क होतो, मला सवय होती.

डोळे उघडले तेव्हा घोडीचा पुढचा डावा खूर महाराजांच्या गुडघ्यांत होता आणि ते त्यावर फुंकर मारत होते. “पळवा!”

मामांनी घोडी दुडकी पळवली. लंगडणं गायब! मान सरळ रेषेत. टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार. मामांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मला काही नको,” महाराज म्हणाले. “कॉलेजच्या शिक्क्याचं एक पत्र द्या, बस. अजून पुष्कळ जनावरं वाट बघताहेत.”

पत्र मी आधीच टाइप करून आणलं होतं. प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात रिंगणातल्या वाळूत पहिल्या वर्षाची एक मुलगी ओणवी होऊन टेप लावताना दिसली. दर तासाला, दर वाक्याला हात वर करून ती विचारायची, “कशावरून?” तेच तिचं नाव पडलं होतं.

“काय मोजतेस गं?” मी विचारलं.

“पावलं, काका. गेल्या महिन्यात ही धडधाकट असताना प्रॅक्टिकलला मोजली होती. आता प्रत्येक पाऊल वीतभर आखूड पडतंय.”

“पण लंगडत तर नाही!” प्राचार्य म्हणाले.

“सर, पुढचा एक पाय दुखला की तो टेकताना घोडा मान वर उचलतो. ती वरखाली होणारी मान बघून आपण लंगडणं ओळखतो. दोन्ही पाय सारखेच दुखले तर मान कुठल्या पायाला उचलायची?”

“डाव्या खुराला हात लावू नका!” महाराज कडाडले. “सात दिवस शक्ती मुरायची आहे!”

“कशावरून?”

“ए पोरी, गप की! झाली ना बरी?” गर्दीतून कुणी ओरडलं. “कशाला दृष्ट लावतेस?”

मुलगी मामांकडे वळली. “मामा, उद्या हिला उडी मारायला लावतील. दोन दुखऱ्या पायांवर उतरेल ती.”

मामांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग महाराजांना म्हणाले, “मघाशी खूर तुम्ही गुडघ्यांत धरला होता. तसा नाल ठोकताना नालबंद धरतो, महाराज.”

“पूर्वाश्रमाबद्दल विचारू नये,” महाराज म्हणाले.

मामांनी डावा खूर उचलला. नाल आणि तळवा यांच्या फटीत खूर साफ करायची आकडी घातली. हरभऱ्याएवढा खडा वाळूत पडला. घोडी चार पावलं चालली आणि पूर्वीसारखीच, उजव्या पायाने, लंगडू लागली.

“बघा!” गर्दी खवळली. “चांगली बरी झालेली घोडी हिने बिघडवली!”

मुलीने खूर दाबायचा चिमटा मागितला. उजव्या खुराच्या कडेने दाबत गेली. एका खिळ्यापाशी घोडीने पाय हिसकला. नाल ठोकताना तो खिळा आत, जिवंत भागाला टेकला होता. पंधरा दिवसांत दुखरा खूर उचलून पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते समितीच्या विषयपत्रिकेवर होतं. खिळा उपसला, जखम धुतली, विश्रांती ठरली. प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. महाराज एव्हाना फाटकाबाहेर पडले होते. त्यांची चाल उत्तम होती.

बाराव्या दिवशी मुलीने पुन्हा टेप लावली. पाऊल पुरतं पडत होतं. मामा त्या दिवशी दोनदा जेवले.

लंगडणं थांबणं आणि बरं होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी फुंकर मारून तुमचं दुखणं पळवलं, तर पाया पडण्याआधी खूर उचलून बघा. मोजा, विचारा, दुसऱ्यालाही तपासू द्या. तपासल्याने खऱ्या औषधाचा गुण उतरत नाही.