बाळूला हाक मारायची नाही

"आणि हे कशानं झालं?" संध्याने विचारलं.

दत्तात्रय आंघोळ करून पंचा गुंडाळून बाहेर यायला आणि ती हॉस्पिटलातून लवकर परत यायला एकच गाठ पडली होती. त्याच्या डाव्या बरगडीखाली वांग्याच्या रंगाचा डाग पार कमरेपर्यंत उतरला होता.

"कुठं काय? फाटकाशी पाय घसरला. चिखल केवढा असतो तिथं."

"खोल श्वास घ्या. दुखतं?"

"नाही."

"अहो, मी दिवसभर लोकांना भूल देते. मला नका देऊ." तिने बोटांनी बरगडी चाचपली. "मोडली नाहीये, इथल्या भाषेत ग्रँड, ठीक आहे सगळं. पण ब्रिजेटबाईंना सांगा, फाटकापाशी खडी टाकून घ्या म्हणावं. आज तुम्ही पडलात, उद्या त्या पडतील. त्यांचं वय आहे का पडायचं?"

"सांगतो," दत्तात्रय म्हणाला आणि कणीक मळायला लागला.

फाटकापाशी खडी होतीच. त्याला पाडलं होतं बाळूने.

बाळू म्हणजे एक अल्पाका. अल्पाका हा उंटाच्या गोत्रातला प्राणी, पण उंटाचा तोरा नाही. मेंढीपेक्षा उंच, लांब मानेचा, अंगभर मऊ लोकर आणि मोठाले डोळे. आयर्लंडच्या डोनेगॉल परगण्यात, लेटरकेनी गावापासून गाडीने वीस मिनिटांवर ब्रिजेट मॅगिन्लीच्या टेकडीवर असे तीसेक अल्पाका होते. मेंढ्यांच्या मुलखात हे काय खूळ, म्हणून आजूबाजूचे शेतकरी तिला हसत. ब्रिजेट पासष्टीची होती आणि तिला कुणाच्या हसण्याची फिकीर नव्हती.

दत्तात्रय मुळे तिथे कसा पोचला, ती एक वेगळीच तऱ्हा. नाशिकला एका सहकारी बँकेत वीसेक वर्षं कारकुनी केलेला हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. संध्याला आयर्लंडची नोकरी लागली, तेव्हा मुलगी सुरुची पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होती. याने राजीनामा दिला आणि बायकोबरोबर आला. ते लाळ्या-खुरकुताच्या साथीचं वर्ष. विमानतळावर औषधाच्या ओल्या चटईवर बूट पुसून त्याने या देशात पाऊल टाकलं. पासपोर्टवर शिक्का बसला की याला नोकरी करता येणार नाही. मग स्वयंपाक, भांडी, संध्याला सोडणं-आणणं. मराठी मंडळींच्या गणपतीत लोक त्याची ओळख "आपल्या डॉक्टर संध्याताईंचे मिस्टर" अशी करून देत. तो हसून नमस्कार करी. वाईट वाटायचं, पण ते बोलून दाखवण्याइतकं मोठं आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

सुपरमार्केटमधल्या फळ्यावर ब्रिजेटने चिठ्ठी लावली होती: जनावरांना हळुवार हाताळायला शिकवीन, बदल्यात मदत करा. हा गेला. पगार नव्हता, त्यामुळे शिक्क्याचाही अपमान नव्हता.

पहिल्या दिवशी ब्रिजेटने त्याला दावंच दिलं नाही. म्हणाली, "नुसता आत जा आणि उभा राहा. समोरून जाऊ नकोस, तिरका जा. डोळ्यांत डोळे घालू नकोस. कोपऱ्यात गाठू नकोस. निसटायला वाट आहे हे त्याला दिसलं पाहिजे. वाट दिसली की तो पळत नाही."

"आणि पळाला तर?"

"तर आपलं चुकलं. पुन्हा पहिल्यापासून."

दत्तात्रयला हे लगेच जमलं. कुणाच्या वाटेत न येणं हे त्याने जन्मभर केलेलंच होतं. फक्त त्याला विद्या म्हणतात हे ठाऊक नव्हतं. जनावराच्या मानेला मिठी मारून धरायचं नाही. हनुवटीखाली दोन बोटं ठेवायची आणि त्याला स्वतःच्या तोलावर उभं राहू द्यायचं. डोक्यावरून हात फिरवायचा नाही, त्यांना आवडत नाही. तोंडावर दाव्याची मोरकी चढवताना आधी ती हुंगू द्यायची. वर्षाच्या आत बुजऱ्यातली बुजरी मादीदेखील त्याच्या हातून नखं काढून घेऊ लागली. ब्रिजेट शेजाऱ्यांना सांगायची, "हा आपला दत्ता, त्याच्या हातात काहीतरी आहे." हे त्याने घरी येऊन संध्याला तीन वेळा सांगितलं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एक मादी विताना दगावली आणि तिचं पांढरं पिल्लू तेवढं उरलं. ब्रिजेटने दुधाची बाटली दत्तात्रयच्या हातात दिली आणि बजावलं:

"बाटली पाज, तोंड पूस, कळपात सोड आणि निघून ये. कुरवाळायचं नाही, बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही. मादी असती तर एवढं म्हटलं नसतं. हा नर आहे. माणसाच्या मांडीवर वाढलेला नर वयात आला की माणसालाच दुसरा नर समजतो आणि त्याच्याशी लढतो. त्यात त्याचा दोष नसतो. लाड करायचे असतील तर कुत्रा पाळ."

"समजलं," दत्तात्रय म्हणाला. समजलंही होतं.

जूनमध्ये ग्लासगोची बहीण आजारी पडली म्हणून ब्रिजेट महिनाभर तिकडे गेली. डोनेगॉलमधला जून म्हणजे नाशिकचा डिसेंबर. भुरभुर पाऊस, वारा, आणि कुंपणाशी ते काटकुळं पोर "ह्म्म, ह्म्म" करत उभं. पहिले दोन दिवस दत्तात्रयने नियम पाळला. तिसऱ्या दिवशी त्याने त्याला उचललं आणि ब्रिजेटच्या स्वयंपाकघरात शेगडीपाशी नेलं. संध्याच्या जुन्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं. सुरुची लहान असताना संध्याच्या रात्रपाळ्या असायच्या, तेव्हा पोरीला बाटली यानेच पाजली होती. हात आपोआप वळले. "पी रे बाळू, पी. कुणी हाकलत नाही तुला," तो म्हणाला. नावही असं आपोआपच पडलं.

महिन्याभरात बाळू त्याच्या मागे मागे फिरू लागला. हा विहिरीकडे गेला की तो विहिरीकडे, हा गाडीकडे निघाला की तो फाटकाशी कळवळून उभा. दत्तात्रयच्या मागे आजवर कुणीही आलेलं नव्हतं. बँकेत तो साहेबाच्या मागे असायचा, इथे बायकोच्या. आता "बाळू" म्हटलं की टेकडीच्या टोकावरून एक जीव धावत यायचा, आणि त्याला इतका आनंद व्हायचा की घरी गाडी चालवताना तो एकटाच हसायचा.

ब्रिजेट परतली. पिल्लू दत्ताच्या ढोपराला चिकटलेलं तिने पाहिलं.

"उद्यापासून कळपात," ती म्हणाली. "आणि हाक मारायची नाही."

तिच्यासमोर त्याने हाक मारली नाही. पण गवताच्या कोठारामागे रोज भेट व्हायची, खिशातून आणलेली चपाती खाऊ घालणं व्हायचं. ब्रिजेटने सांगितलेलं तो विसरला नव्हता. ते इतर नरांबद्दल आहे, आपला बाळू तसा नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. लाडावलेल्या पोराच्या बापाला कधी वेगळं वाटतं?

बाळू दोन वर्षांचा झाला. कळपात तो कधी रमलाच नाही; बाकीचे चरायचे आणि हा रस्त्याकडे तोंड करून माणसांची वाट पाहायचा. मग एके दिवशी त्याने दत्तात्रयच्या छातीला छाती भिडवली. दत्तात्रय हसला. पुढल्या आठवड्यात मनगटाला चावला. मस्ती आहे, म्हणून सोडून दिलं. आणि त्या दिवशी पाण्याची बादली घेऊन वाकलेला असताना बाळूने मागून धाव घेतली, त्याला आडवा केला आणि अंगावर गुडघे टेकून मान दाबू लागला. घशातून वेगळाच किंचाळल्यासारखा आवाज. दत्तात्रय बादली मधे धरून कसाबसा कुंपणाखालून निसटला.

त्याच संध्याकाळी संध्याने तो डाग पाहिला आणि हा खोटं बोलला. खरं सांगितलं तर ब्रिजेटला कळेल, ब्रिजेटला कळलं तर बाळू जाईल. बाळूला आपण समजावू, असं त्याने ठरवलं. हळुवारपणे सगळं जमतं, हे त्याला शिकवलंच होतं ना.

दहा-बारा दिवस गेले. रविवार होता, सुरुचीचा फोन नुकताच होऊन गेला होता. संध्या हॉस्पिटलातून आली ती कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"आज कुणाला भूल दिली माहितीये? ब्रिजेटबाईंना. खुबा मोडलाय. पोस्टमनला दिसल्या म्हणून वाचल्या."

दत्तात्रयच्या हातातली पळी तशीच राहिली.

"त्यांच्या बरगडीखाली डाग आहे," संध्या म्हणाली. "तुमच्या होता तसाच. त्या फाटकाशी पडल्या नाहीत. मला सांगत होत्या, की त्या पांढऱ्यानं पाडलं, पहिल्यांदाच असं केलं." ती थांबली. "पहिल्यांदा केलं का हो त्यानं?"

"नाही."

"मग बोलला का नाहीत? मला नाही तर नाही, त्यांना तरी!"

"संध्या, अगं त्याला मारून टाकलं असतं त्यांनी."

"आणि आता?"

पातेल्यातली आमटी करपली तेव्हा संध्यानेच उठून गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी तो वॉर्डात गेला. ब्रिजेट उशांना टेकून पडली होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं: शेगडी, शाल, चपाती, बादली. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"त्या दिवशी सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर खच्ची करून दांडग्या नरांच्या कळपात टाकला असता. त्यांनी त्याला दोन लाथा घालून अल्पाका बनवला असता. कदाचित. आता माणसाला पाडलं की काय होतं, हे त्याला कळलंय."

"मी उंच कुंपण घालतो. वेगळा ठेवतो. सगळं मी करीन."

"एकटा? एकटा अल्पाका झुरून मरतो, दत्ता. आणि लोकर कातरायला, नखं काढायला माणूस आत जाणारच. शाळेतली पोरं येता-जाता कुंपणातून हात घालतात, तेव्हा तू चोवीस तास उभा राहणार आहेस?" मग तिने त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. "तुला वाटलं तू त्याच्यावर माया करतोस. केलीसही. पण तो कोण आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. आपण दोघांनीही नाही. मी ग्लासगोला जायला नको होतं."

"तुमचा काय दोष?"

"घरी आले की व्हेटला बोलावू, सुई देऊन कायमचा झोपवेल त्याला. तोवर कुणी आत जायचं नाही. तूसुद्धा."

व्हेट आला त्या दिवशी ऊन पडलं होतं. ब्रिजेट चाकाच्या खुर्चीत दाराशी बसली होती. संध्याने रजा घेतली होती आणि गाडी तिनेच चालवली होती. व्हेट तरुण होता, दणकट होता. म्हणाला, दोन माणसं बोलावू, दोर टाकून कोपऱ्यात घेऊ.

"कोपऱ्यात नको," दत्तात्रय म्हणाला. "मी आणतो."

"अहो—" संध्याच्या तोंडून निघालं. तिने त्याची बाही धरली, मग सोडली.

तो आत गेला. तिरका, हळू, नजर गवतावर ठेवून. बाळूने कान मागे पाडले आणि मान ताठ केली. दत्तात्रय थांबला. पाठीमागचं फाटक त्याने उघडंच ठेवलं होतं. बाळू दोन पावलं पुढे आला, थांबला, पुन्हा आला. दत्तात्रय हलला नाही. त्याला भीती वाटत होती, आणि आपल्याच पोराची भीती वाटते याची लाज वाटत होती. बाळूने मोरकी हुंगली. दत्तात्रयने ती चढवली, हनुवटीखाली दोन बोटं ठेवली. मांडीवर घेतल्यापासून पहिल्यांदाच त्याने बाळूला त्याच्या स्वतःच्या तोलावर उभं राहू दिलं. बाळू उभा राहिला. शांत, डौलदार, कळपातल्या कुठल्याही नरासारखा.

"हे आधी करायला हवं होतं रे," दत्तात्रय म्हणाला.

व्हेटने सुई दिली. बाळूने पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि लांब मान गवतावर टेकली. दत्तात्रयने दावं शेवटपर्यंत सैल धरलं होतं. संध्या कुंपणापलीकडे उभी होती. रोज माणसं झोपवणारी ती बाई तोंडावर पदरासारखी ओढणी धरून रडत होती.

व्हेटची गाडी गेल्यावर ब्रिजेटने दारातून हाक दिली.

"वरच्या कुरणाचं फाटक उघड. बाकीच्यांना खाली येऊ दे. त्यांना बघू द्यावं लागतं, नाहीतर दिवसचे दिवस शोधत बसतात."

"त्याला शोधतील?" दत्तात्रयने विचारलं. "तो त्यांच्यात कधी होता?"

त्याने फाटक उघडलं.

कळप एका रांगेत खाली आला. पुढे म्हातारी तपकिरी मादी होती. तिने बाळूच्या कानाशी नाक नेलं, मग मानेशी, मग पोटाशी, आणि गुणगुणल्यासारखा आवाज काढला. दुसरी आली, तिसरी आली, नर आले. एकेकाने हुंगलं आणि तिथेच थांबला. थोड्या वेळाने बाळूभोवती इतकी दाटी झाली की त्याचा पांढरा रंग दिसेनासा झाला.

दत्तात्रय अजून त्याच्या डोक्याशी बसलेला होता. एका लहान मादीला पुढे यायचं होतं आणि जागा नव्हती. ते लक्षात आल्यावर तो उठला, त्यांच्यामधून वाट काढत कुंपणाबाहेर आला आणि फाटकाला कडी घातली.