मुक्या राऊटरचं म्हणणं

मी बोलतोय तो वायरीतून. हवेतून बोलायचं माझं कायमचं बंद झालंय. मी या घरातला जुना राऊटर. सध्या मुलीच्या टेबलावर असतो, झाकण काढलेला. झाकणच नसल्यावर झाकून तरी काय ठेवायचं?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. पट्ट्यावरून सरकता सरकता कुणी माझ्यात चिप बसवली, कुणी दिवे लावले. शेवटी एका बंद पेटीत ठेवून माझा आवाज, म्हणजे वायफाय, जुळवला. किती जोर लावला म्हणजे तो हवेतून नीट जाईल, याचं प्रत्येकाचं माप वेगळं. ते माप माझ्या स्मृतीच्या एका बारक्याशा कोपऱ्यात लिहिलं आणि मला खोक्यात घातलं.

मला घरी आणलं मुलीच्या बाबांनी. ते इमारतीच्या समितीचे सचिव. स्वतः एखादी वस्तू घेतली की ती साऱ्या इमारतीच्या गळ्यात मारायची, ही त्यांची खोड. जिन्यात भेटेल त्याला सांगत, "डोळे मिटून घ्या. माझी जबाबदारी." लोकांनी खरोखरच डोळे मिटून घेतले. मजल्यामजल्यावर माझे भाऊ लागले.

वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. त्यांची लहान मुलगी शाळेतून आली की आई येईपर्यंत घरी एकटीच. म्हणून बाईंनी खोलीत कॅमेरा बसवला आणि तो माझ्या भावाला जोडला. कामावर सवड मिळाली की त्या मोबाइलवर लेकीला बघून घेत.

मग कंपनीने नवं मॉडेल काढलं आणि आमच्याकडे पाठ फिरवली. आमच्यातल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती बंद. पुढे त्यात एक भोक सापडलं, आणि ते कसं वापरायचं हे जगजाहीर झालं. बाहेरचा कुणीही आत शिरून हवं ते करू शकत होता. मला ओरडून सांगता आलं नाही. माझा दिवा हिरवाच राहिला, आणि दिवा हिरवा असला की माणसांना सगळं आलबेल वाटतं.

आमच्या घरातल्या मुलीला मात्र कळलं. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकते, आणि गप्प बसणं तिच्या रक्तात नाही.

"बाबा, या राऊटरमधून कुणीही आत येऊ शकतं. कंपनीने हात वर केलेत."

"चालतोय ना?"

"चालतोय."

"मग हात लावू नकोस."

मोठ्या माणसांचं अर्धं आयुष्य या एका वाक्यावर निघतं. नळ गळतोय, चालतोय ना. भिंतीला ओल आहे, राहतोय ना. ज्याला विचारायचं तो बोलत नाही, एवढ्यावरच त्यांचं समाधान.

मुलगी तडक वर गेली आणि नर्सबाईंना सांगून आली. बाई घाबरून खाली आल्या. बाबा हसले. "अहो, तिचं काय मनावर घेता? चार पुस्तकं वाचली की राईचा पर्वत करतात ही मुलं. माझ्याही घरात तोच आहे की."

बाईंचा चेहरा सैल झाला. "काका म्हणतात तर ठीकच असेल," म्हणत त्या गेल्या. मुलगी दातओठ खात उभी राहिली. शिकलेली ती, पण शब्दाला वजन केसांच्या पांढरेपणाचं.

राऊटरसाठी एक मुक्त सॉफ्टवेअर असतं. जगभरची माणसं मिळून ते लिहितात, कुणालाही ते वाचता-बदलता येतं, आणि भोक सापडलं की कुणीतरी बुजवतं. फक्त माझं मॉडेल त्यांच्या यादीत नव्हतं. मुलीने ठरवलं, ते आपणच घालायचं.

तिने माझ्या तळाचे रबरी पाय उचकटले, स्क्रू काढले, आतल्या सर्किटच्या पाटीवर डाख देऊन वायरी जोडल्या. जागा होताना मी काय पुटपुटतो ते तिने वाचलं. कुठला दिवा कुठे, बटण कुठे, स्मृतीतला कुठला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याचा नकाशा लिहिला. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कुणीच कधी पाहिलं नव्हतं. काम सुरू करायच्या आधी तिने माझ्या सगळ्या स्मृतीची प्रत काढली. लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून ती हॉलमधल्या कॉम्प्युटरवर ठेवली.

नकाशातली एक सीमा चुकली. नवं सॉफ्टवेअर आत आलं, ऐसपैस बसलं, आणि नेमकं त्या बारक्या कोपऱ्यावर. माझं माप पुसलं गेलं. दिवे लागले, वायरीतून सगळं चाललं, पण माझा आवाज टेबलाच्या कडेपलीकडे जाईना.

ती डगमगली नाही. प्रत होती ना. हॉलमध्ये गेली, तर प्रत नाही.

"बाबा, इथे एक फाइल होती."

बाबा दर रविवारी कॉम्प्युटर साफ करतात. जे ओळखीचं नाही ते काढायचं, ही त्यांची स्वच्छता. "अगम्य नाव होतं काहीतरी. कचरा वाटला. काढला."

"विचारायचं तरी."

"राऊटर उघडताना तू विचारलं होतंस?"

आतून आई म्हणाली, "दोघं एकाच माळेचे मणी. आता घरात इंटरनेट कोण आणणार तेवढं ठरवा."

बाबांनी दुसऱ्या कंपनीचा डबा आणला. मी अडगळीत जायचा, पण मुलीने सोडलं नाही. चुकलेली सीमा दुरुस्त केली, वायरीने तपासता येईल ते सगळं माझ्यावर तपासलं, आणि काम ते मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लोकांकडे पाठवलं. उत्तर आलं: बाकी चांगलं आहे, पण वायफाय चालल्याचा पुरावा दिल्याशिवाय घेता येणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. पुरावा देणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

"बाबा, हा मुका झाला. मला बोलणारा हवा. नर्सबाईंचा आणून द्या. मी मागितला तर त्या देणार नाहीत."

"काय सांगून आणू?"

"खरं."

बाबा उठून गेले. पण येता-जाता दारातून माझ्याकडे बघू लागले. एका दुपारी ते माझ्या भावाला घेऊन आले, वायर गुंडाळलेली. "त्यांना आज सुट्टी आहे. संध्याकाळी परत द्यायचाय."

"काय सांगितलंत?"

"तपासायचाय म्हणालो."

"बाबा."

"सांगीन ग. आधी होऊ तर दे."

तिने भावाच्या स्मृतीची प्रत काढली, दोन ठिकाणी ठेवली, आणि ती उघडून वाचू लागली. वाचता वाचता हात थांबला. आत एक वाट आखलेली होती. बाहेरच्या जगातून थेट कॅमेऱ्यापर्यंत. बाईंनी ती आखलेली असणं शक्य नव्हतं.

बाबांनी खुर्ची ओढली. "कॅमेरा म्हणजे, ती पोर?"

"हो."

"कुणी बघितलं का?"

"कळायला मार्ग नाही. असली नोंद या राऊटरमध्ये राहत नाही."

"मग हे सगळं पुसून टाक. तुझं नवं घाल. मग काळजी नाही ना?"

"पुढची नाही."

तिने नवं सॉफ्टवेअर घातलं. वाट मोडली, भोक बुजलं. भाऊ हवेतून बोलू लागला. मला तो ऐकू येत नव्हता. तिच्या लॅपटॉपवर आकडे हलताना दिसले, त्यावरून कळलं. तिने पुरावा पाठवून दिला.

ऊन उतरल्यावर बाबांनी भावाला हातात घेतलं.

"मी येऊ?" तिने विचारलं.

"नको. तू असलीस तर त्या तुझ्याकडे बघून बोलतील. माझ्याकडे बघून बोलू देत."

जिन्यावर त्यांची पावलं वाजली. वर घंटी वाजली. "आई, आजोबा आलेत," असा बारीक आवाज आला आणि दार लागलं.

तेवढ्यात सॉफ्टवेअरवाल्या लोकांचं उत्तर आलं: घेतलंय. माझ्या मॉडेलचं नाव आता यादीत आहे. ज्याच्या घरी माझा भाऊ असेल त्याला ते सॉफ्टवेअर फुकट मिळेल. एरवी ती घरभर नाचली असती. आज तिने वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

वाचकांनो, तुमच्याही घरी टीव्हीमागे आमच्यापैकी कुणीतरी हिरवा दिवा लावून बसला असेल. तो स्वतःहून काही सांगणार नाही. घरातली एखादी पोरगी याला उघडून बघते म्हणाली, तर उघडू द्या. मुका झाला तर होऊ दे. मी झालो, माझी तक्रार नाही.

बाबा अजून खाली आलेले नाहीत.