झारचा मावसभाऊ

उत्तराने झारच्या फोटोला मागून गोंद लावला आणि तो ओवीच्या शाळेच्या तक्त्यावर इंग्लंडच्या राजाशेजारी दाबून बसवला. दोघांच्या दाढ्या सारख्या, डोळे सारखे, उभं राहायची ऐटसुद्धा सारखी. ओवीने दोन्ही फोटोंवरून बोट फिरवलं.

"आत्या, ह्यातला कोण कोणता?"

"हा इंग्लंडचा पाचवा जॉर्ज. हा रशियाचा झार, निकोलस. दोघं मावसभाऊ."

"म्हणजे इतोको."

"तुमच्या जपानीत सगळेच इतोको, आणि इंग्रजीत सगळेच कझिन. आपल्याकडे असं मोघम चालत नाही, बाई. डेन्मार्कच्या राजाच्या दोन सख्ख्या मुली. एक इंग्लंडला दिली, एक रशियाला. त्यांची ही मुलं."

"आणि हा मिशीवाला?"

"जर्मनीचा कैसर. तो जॉर्जचा आतेभाऊ. आणि झारची बायको जॉर्जची आतेबहीण."

"मग वॉर कशाला केलं? फॅमिली मीटिंग घ्यायची ना!"

उत्तरा खळखळून हसली. सेंदाईहून आल्यापासून ती अशी हसली नव्हती.

तीही इथे मावसभावाकडेच उतरली होती. ओवीचा बाप जयेश हा उत्तराच्या मावशीचा मुलगा. ठाण्यात दोन्ही घरं एकाच सोसायटीत. उत्तराला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे दर भाऊबीजेला पाटावर जयेशच बसायचा, आणि शाळेत तिच्या वाटेला कुणी गेलं तर मारामारी करायलाही जयेशच जायचा. बँकेने त्याला जपानात पाठवलं तेव्हा मावशीने उत्तराला फोन करून सांगितलं होतं, "आता मला घोर नाही, तू आहेस तिथे."

घटस्फोटानंतर सेंदाईतलं घर संजीवकडे राहिलं आणि लेकही सध्या त्याच्याचकडे होती. दोघांनी समजुतीने ठरवलं होतं ते असं: एप्रिलमध्ये नवं शालेय वर्ष सुरू व्हायच्या आत उत्तराला घर मिळालं तर तन्वी आईकडे, नाही तर बापाकडेच. नोकरी मिळाली होती. इथेच उरायासूत शाळेजवळ एक घरही पसंत पडलं होतं. अडलं होतं ते जामिनावर. जपानात भाड्याचं घर हवं, तर ह्या बाईची जबाबदारी माझी, असं म्हणणारा कुणीतरी लागतो.

"घाल की माझं नाव. विचारायचं काय त्यात?" जयेश आल्या दिवशी म्हणाला होता.

आणि काल संध्याकाळी दारात बुटाच्या नाड्या सोडता सोडता, मान वर न करता म्हणाला, "उत्तरे, नाही जमत ग. बँकेचा नियम निघाला. आम्ही कुणाला जामीन राहायचं नाही."

 तिनेच उलट त्याची समजूत काढली. नियमाला तो बिचारा काय करणार?

"पण आत्या," ओवी टॅबलेटवर वाचत होती, "रिव्हॉल्यूशन झाल्यावर जॉर्जने निकोलसला घरी का नाही बोलावलं?"

"आधी या म्हणाले होते. मग त्यांच्या सरकारने नको म्हटलं."

"नाही. इथे लिहिलंय, लोकांनी खूप वर्षं प्राइम मिनिस्टरला ब्लेम केलं. पण नको तर राजाच म्हणाला होता. सेक्रेटरीला सांगून पत्रं पाठवली. त्याला भीती वाटली, आपले लोक आपल्यावरच चिडतील." ओवीने नाक मुरडलं. "हिदोई! किती दुष्ट!"

"खुर्ची जायची भीती वाटली असेल, बाई."

ओट्याशी मटार सोलत बसलेली उल्कावहिनी एकदम म्हणाली, "ओवी, पुरे झालं आता. आवर तो पसारा."

दुपारी उत्तरा स्टेशनजवळच्या घरांच्या एजंटकडे गेली. कुबोता-सान हा चष्मा लावणारा तरुण मुलगा. त्याने वाकून नमस्कार केला, चहा ठेवला. माफी आपणच मागून टाकावी म्हणून ती जपानीत म्हणाली, "माझ्या भावामुळे तुम्हाला त्रास झाला. बँकेचे नियम फार कडक असतात."

"बँकेचे?" कुबोता-सान गोंधळला. "नाही, बँकेचं काही बोलले नाहीत ते."

बोलून गेल्यावर त्याचे कान लाल झाले.

"मग काय म्हणाले?"

तो नको नको म्हणत होता. ती हलेना, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "आम्ही खात्री करायला फोन केला होता. नातं लांबचं आहे म्हणाले. बऱ्याच वर्षांत संबंध नाही, त्यामुळे तुमच्याबद्दल काही सांगता येणार नाही, असं."

टेबलावर तिचा अर्ज उघडा होता. तिचा सध्याचा पत्ता आणि जामिनाचा पत्ता, फ्लॅटच्या नंबरासकट एकच. दोघांनीही तो एकाच वेळी पाहिला. कुबोता-सानने हळूच त्यावर एक माहितीपत्रक सरकवलं.

उत्तराला आधी राग आलाच नाही. लाज वाटली, ह्या परक्या पोरासमोर. राग आला तो नंतर. जयेशचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज सरकारदरबारी होता, तिला ठाऊक होतं. त्याला भीती वाटली असेल, उद्या हिने भाडं थकवलं तर आपल्या नावाला डाग लागेल. मग तसं म्हणायचं! अरे मेल्या, तोंडावर म्हणायचं, मी समजून घेतलं असतं. संबंध नाही? काल रात्री माझ्या हातचं थालीपीठ मागून मागून खाल्लंस, ते कोणत्या संबंधाने?

"दुसरं कुणी आहे का?" कुबोता-सानने विचारलं. "नातेवाईकच हवा असं नाही. इथे नोकरी असलेलं कुणीही चालेल. आज संध्याकाळपर्यंत कळवलंत तर घर थांबवता येईल."

तिने ओळखीचे सगळे चेहरे डोळ्यांसमोर आणले. उरला एकच, आणि त्याला विचारणं अगदी जिवावर आलं. दुकानाबाहेर येऊन, सायकलींच्या रांगेपाशी उभं राहून तिने फोन लावला.

"संजीव, एक विचारायचं होतं. नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही."

तिने सगळं सांगितलं, जयेशचं सोडून.  पलीकडे तन्वी कुणाशी तरी जपानीत हसत बोलत होती. तो हो म्हणाला तर हे हसणं त्याच्या घरातून जाणार होतं. नुसतं नाही म्हणायचा अवकाश, लेक त्याच्याकडे राहिली असती. आणि त्यासाठी त्याला कुणी नावंही ठेवली नसती.

"घर कितव्या मजल्यावर आहे?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या."

"ऊन येतं?"

"सकाळचं येतं."

"शाळेत चालत जाईल?"

"हो. मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही."

 हाच माणूस इतकी वर्षं एकदाही वेळेवर जेवायला आला नाही, तिचा एकही वाढदिवस त्याच्या लक्षात राहिला नाही. ती वाट पाहत राहिली.

"घाल माझं नाव," संजीव म्हणाला.  "तन्वीला मीच सांगतो. तू नको सांगूस."

रात्री जेवताना जयेशनेच विषय काढला. "काय म्हणतोय तुझा एजंट?"

"झालं घर."

"अरे वा! मी म्हटलंच होतं, होईल काहीतरी." त्याचा चेहरा इतका खुलला की क्षणभर तिला त्याची कीव आली. "जामीन कोण मिळाला?"

"संजीव."

उल्कावहिनीने आमटीचा डाव पातेल्यात तसाच ठेवला.

"संजीव?" जयेश म्हणाला. "पण मग तन्वी..."

"येईल माझ्याकडे. माहीत आहे त्याला."

 ओवी एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे बघत होती. जयेशने घास उचलला आणि परत ताटात ठेवला.

"एजंट... म्हणजे आणखी काही बोलला का?"

"नातं विचारलं."

"मग?"

"आता काही संबंध नाही म्हटलं," उत्तरा म्हणाली. "त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. परवाच एकाने तसंच सांगितलं होतं म्हणे."

जयेश ताटाकडे बघत राहिला. उत्तराने त्याला आमटी वाढली, स्वतःचं ताट उचललं आणि ती बॅग भरायला आत गेली.