दोन्ही बाजूंचा खटका

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या कुतुबुद्दीन शिकलगारांच्या दुकानात गणपतराव सासने शिरले तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते, आणि तोवर त्यांनी तीन वेळा मागं वळून पाहिलं होतं. मागं कोणी नव्हतं. एक म्हैस होती आणि तिच्यामागं सायकल ढकलत चाललेला तिचा मालक. पण भ्यालेल्या माणसाला म्हशीचाही भरवसा वाटत नाही. दुकानातली पंख्याखालची चांगली खुर्ची सोडून त्यांनी कोपऱ्यातली मोडकी ओढली, भिंतीला टेकवली आणि दाराकडं तोंड करून बसले.

"या पावणं. पंख्याखाली बसा की."

"हितंच बरं हाय."

कुतुबुद्दीनचाचांनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडं पाहिलं. चाचांचा आजा तलवारींना धार लावायचा, बाप बंदुका दुरुस्त करायचा, आणि चाचा स्वतः चाळीस वर्षं परवानेवाल्यांना हत्यारं विकत होते. गिऱ्हाईक खुर्ची कुठली निवडतं यावरून त्यांना पुष्कळ कळायचं. त्यांनी फक्त परवान्याचं पुस्तक मागितलं.

पुस्तकात कारण लिहिलं होतं, 'व्यवसायानिमित्त रोकड बाळगणे'. गणपतरावांचा गारगोटीला काजूचा छोटा कारखाना होता, चंदगडहून काजूची बी आणायची, फोडायची, विकायची. रोकड बाळगावी लागायची हे खोटं नव्हतं. पण परवान्याचं खरं कारण रोकड नव्हती. खरं कारण त्यांचा धाकटा भाऊ सर्जेराव होता, आणि ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं.

दोघा भावांची घरं एका अंगणात, दार दाराला लागून. कारखाना मागच्या बाजूला. वडील गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर कोणी बसायचं यावरून कुरबुर सुरू झाली, आणि आठ महिन्यांपूर्वी काजू फोडणाऱ्या बायांच्या देखत सर्जेरावानं लोखंडी पहार उचलली. "आबा, तुला ठेवत न्हाय मी," असं ओरडला. पहार त्यानं लगेच टाकलीही. घराघरात असली भांडणं होतात, माणसं चार दिवस अबोला धरतात आणि पाचव्या दिवशी एकमेकांकडं जेवतात. गणपतरावांना मात्र त्या रात्री झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोल्हापूर गाठलं आणि पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज देऊन आले. कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

मग दिवाळीनंतर एक हवालदार त्यांच्या दारात आला.

"तुमच्या भावानं पिस्तुलाचा परवाना मागितलाय. शेजारी म्हणून तुमचा जबाब लागतोय. मानूस कसा हाय?"

तिथं गणपतरावांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. हा माझ्या जिवावर उठलाय, एवढंच. पण समोर खाकी, शेजारी चार माणसं उभी, आणि सासन्यांच्या घरातलं आजवर चावडीवर गेलेलं नव्हतं. "लई गुणाचा हाय की," ते म्हणाले. नुसते म्हणाले नाहीत, हवालदाराला चहा पाजला आणि जाताना काजूची पुडी दिली. ज्या माणसाला आपण भितो त्याच्या हातात आपणच पिस्तूल द्यायचं, तेही वर काजू देऊन, हा शहाणपणा घराण्याची अब्रू जपणाऱ्यालाच जमतो.

सर्जेरावानं कुठून तरी शब्द टाकला असणार, त्याचा परवाना आधी आला. गेल्या महिन्यात त्यानं पिस्तूल आणलं. सर्जेरावाच्या बायकोनंच, क्रांतीनं, हौदावर गणपतरावांच्या बायकोला सांगितलं आणि सांगताना तिचा आवाज कापत होता. तेव्हापासून गणपतराव अंगणात बसत नव्हते. अंगणाकडची खिडकी त्यांनी खिळे मारून बंद केली होती. पलीकडं दार वाजलं की हातातला घास हातात राहायचा. सोमवारी त्यांचाही परवाना आला, आणि आज ते इथं, भिंतीला पाठ लावून बसले होते.

"दीड लाखाच्या आत बसवा," ते म्हणाले. "पर चांगलं पायजे. ऐन वक्ताला दगा देनारं नको."

"बत्तीस बोअर. परदेशी जुनं कुनी विकलं तरच मिळतंय, आनि त्येची किंमत ऐकून तुमी हितंच आडवं हुशीला. देशीच बगा." चाचांनी हिरवं कापड अंथरलं आणि त्यावर तीन पिस्तुलं ठेवली. ठेवण्याआधी प्रत्येकाचं मॅगझिन काढून, नळी रिकामी असल्याचं गिऱ्हाइकाला दाखवायचं, हा त्यांचा नेम होता.

पहिलं आखूड होतं. खिशात मावतं म्हणून लोक भुलतात, चाचा म्हणाले, पण हलकं पिस्तूल बार काढताना हातात उडतं, नेम राहत नाही. दुसरं थोरल्या मापाचं, सरकारी कारखान्यातलं, वजनदार, वर्षानुवर्षं चालणारं. गणपतरावांनी ते उचललं आणि चाचांच्या भुवया वर गेल्या.

"डावरं हाय व्हय तुमी?"

"व्हय. आमचं वडीलबी डावरंच हुतं."

"मग ह्ये नको. ह्येचा खटका उजव्या अंगठ्याच्या सोयीचा. डाव्या हातानं धरलासा तर खटका सोडायला दुसरा हात लागतोय." चाचांनी तिसरं पुढं सरकवलं. तेही थोरल्या मापाचंच, काळं, मुठीवर बारीक खडबडीत नक्षी. "ह्येला दोन्ही बाजूंनी खटका हाय. तेराशे कमी दीड लाख. ह्या पैशात ह्येच्यापरास बरं कुटं मिळायचं न्हाय. आता बगा. खटका वर, तवा बंद. खाली केला की हितं तांबडा ठिपका दिसतोय. ठिपका दिसला म्हंजे जागं हाय. येवडं ध्येनात ठेवा, बाकी समदं मागनं शिकता येतंय."

गणपतरावांनी डाव्या अंगठ्यानं खटका खाली केला. तांबडा ठिपका दिसला. वर केला, ठिपका गेला. पाच-सहा वेळा त्यांनी तसं केलं. अंगठा थरथरत होता. तो थरथरलेला अंगठा चाचांना दिसला हे त्यांनाही दिसलं.

"सवय न्हाय, म्हनून," ते म्हणाले.

"आसंल की." चाचांनी कापडाचं टोक सारखं केलं. "ह्येची जोडी मागवली हुती मी. एक गेल्या म्हैन्यात गेलं. त्ये पावनंबी डावरंच. तुमी बसलाय न्हवं, त्याच खुर्चीत बसलं हुतं. च्या न्हाय, पानी न्हाय. त्येंचाबी अंगठा आसाच थरथरत हुता."

गणपतरावांना उठून जावंसं वाटलं, तरी ते बसून राहिले.

"काय म्हनत हुतं त्ये?" त्यांनी विचारलं.

"नाव-गाव सांगत न्हाय मी कुनाचं. पर त्ये मानूस हितं रडलं, म्हनून ध्येनात ऱ्हायलं. म्हनालं, चाचा, दसऱ्याच्या आदी दारात पोलीस आला. थोरल्या भावानं पिस्तुलाचा परवाना मागितलाय, मानूस कसा हाय म्हनून विचारलं. मी म्हनालो, देवमानूस हाय. पोलिसाला दूध पाजून लावून दिला. आनि पोलिसाची पाठ फिरल्यावर डोस्क्यात उजेड पडला, म्हनालं, की ह्यो पिस्तूल घेतोय त्ये कुनासाठी?" चाचांनी चष्मा पुसला. "राग आला हुता तवा पहार उचलली म्हनालं. भावानं त्येच मनात धरलं. आता त्येच्या आदी माज्या हातात आलं न्हाय तर मी मेलो."

गणपतराव हिरव्या कापडाकडं बघत राहिले. हवालदार शेजाऱ्याचा जबाब घ्यायला दारात येतो, हे त्यांना सर्जेरावाच्या वेळी कळलं होतं. पण आपला अर्ज त्याच्या आधीचा होता, आणि आपला शेजारी कोण, हे आठ महिन्यांत त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्याही वर पुन्हा भीती चढून आली, आधीच्यापेक्षा मोठी. चिडलेला माणूस निवळतो तरी. भ्यालेला काय करील याचा नेम नाही, आणि भ्यालेला माणूस कसा असतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

त्यांनी खटका वर केला आणि पिस्तूल कापडावर ठेवलं.

"बांदू?" चाचांनी विचारलं.

"नको."

"मुदत हाय अजून परवान्याला. इचार करून या." चाचांनी परवान्याचं पुस्तक परत दिलं आणि जरा थांबून म्हणाले, "आता तरी च्या घेतायसा?" गणपतरावांनी चहा घेतला. निम्मा बशीत सांडला.

गारगोटीच्या एसटीत बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण नुसतं अर्धं काम केलं. पिस्तूल घेतलं नाही हे आपल्याला ठाऊक. सर्जेरावाला कुठं ठाऊक? परवाना आल्याचं हवालदाराच्या तोंडून साऱ्या गल्लीला कळलं होतं. सकाळी रेक्झिनची पिशवी घेऊन कोल्हापूरच्या गाडीत बसताना त्यांना अख्ख्या गावानं पाहिलं होतं. तीच पिशवी काखेत मारून आता ते अंगणात शिरणार होते. पुढच्या थांब्यावर उतरावं, मेव्हण्याकडं जावं, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा गाडी थांबली, माणसं उतरली आणि ते बसून राहिले.

साडेचारला ते आपल्या फाटकाशी पोचले. अंगणात ऊन होतं. सर्जेराव त्याच्या उंबऱ्यात उभा होता, उजवा हात चौकटीवर आणि डावा दाराआड. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आठ महिन्यांत गणपतरावांनी भावाच्या तोंडाकडं नीट पाहिलंच नव्हतं. तो किती वाळला होता!

"तिथंच थांब आबा," सर्जेराव म्हणाला.

गणपतराव थांबले. सांगायचं सगळं होतं, पण जीभ उचलेना. पिशवी उघडून दाखवावी म्हणून त्यांनी चेनला हात घातला आणि दाराआडचा हात बाहेर आला. काळं पिस्तूल, मुठीवर खडबडीत नक्षी. जोडीतलं पहिलं.

"हात काड! पिशवीतनं हात काड!"

गणपतरावांनी हात काढला. चेन निम्मी उघडली होती. त्यांनी पिशवी खालच्या दोन कोपऱ्यांना धरली आणि उलटी केली. चष्म्याचं घर पडलं, पाण्याची बाटली पडली, परवान्याचं पुस्तक पडलं, बायकोनं दिलेली आणि न खाल्लेली भाकरी पडली. त्यांनी पिशवी झटकली. मग सदऱ्याचे खिसे बाहेर काढले, विजारीचे काढले, आणि तेवढ्यानं भागलं नाही असं वाटून सदराच काढला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आपल्याच अंगणात भर दुपारी बनियनवर उभा राहिला. लाज वाटायला मनात जागाच उरली नव्हती.

"न्हाय घेतलं," त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं. "सर्जा, चूक माजी हाय. मी पयला गेलो. तू भ्यालास. मीच तुला भेवडावलं."

सर्जेराव त्या भाकरीकडं बघत राहिला. पिस्तूल खाली येत नव्हतं. तोंड वाकडं झालं आणि लहान असताना पडल्यावर यायचा तसला आवाज त्याच्या गळ्यातून आला.

"आबा," तो म्हणाला, "बार भरलाय ह्येच्यात. सकाळधरनं तसाच हाय. आता बंद कसं करायचं त्ये मला सुचंना. बोट हालवायला भ्या वाटतंय."

गणपतरावांना तांबडा ठिपका दिसला. पंधरा पावलांवरून दिसला, कारण ते दुसरं काही बघतच नव्हते. पळायला मागं फाटक उघडं होतं.

"बोट हालवू नगंस," ते म्हणाले. "नळी तेवडी जिमिनीकडं कर. आनि मी येतोय त्ये बग."

ते एकेक पाऊल टाकत गेले. जवळ गेल्यावर भावाच्या अंगाला आठ दिवस अंघोळ न केल्याचा वास आला. त्यांनी आपला डावा हात सर्जेरावाच्या डाव्या हातावर ठेवला. दोन्ही हात सारखेच थरथरत होते. अंगठ्यानं चाचपत त्यांनी खटका शोधला आणि वर ढकलला.

ठिपका गेला. तरी कितीतरी वेळ दोघांपैकी कोणीच हात सोडला नाही.