येसाजीच्या दंडातल्या पेशी

कुडपणच्या प्रयागबाईने बारा वर्षांत घराबाहेर एक रात्र काढली नव्हती. नवरा येसाजी एरवी गाव डोक्यावर घेणारा, पण इन्सुलिनची सुई स्वतःला टोचायची म्हटली की त्याचे हातपाय गळत. दोन्ही वेळा टोचायला बायकोच हवी. त्यापायी मुंबईतल्या लेकीचं, अपेक्षाचं, पहिलं बाळंतपण शेजारणीने केलं. आता दुसरं जवळ आलं होतं, आणि या खेपेला प्रयागबाईला जायचंच होतं.

जावयाने खटपट करून येसाजीला मुंबईच्या एका इस्पितळात नव्या उपचाराच्या चाचणीत घातलं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच्या दंडात, कातडीखाली बसवल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तीन महिने सुई चालू, गोड बंद, पेशींना आराम.

गावी दंड बघायला रीघ लागली. लगोलग गावकी बसली. सहदेव मुंबईत लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला, म्हणजे विज्ञानात त्याचाच शब्द शेवटचा. त्याचं म्हणणं पडलं की मशीन बंद ठेवलं तर जाम होतं, पेशींना काम द्या. काम म्हणजे साखर. घरोघर पाळ्या लागल्या, आज खीर, उद्या मोदक. प्रयागबाई कळवळून नको म्हणत होती, पण गावकीत बाईचं ऐकतो कोण? येसाजी मात्र गावाच्या शब्दाखातर दुसरी वाटी पुढे करायचा.

दीड महिन्याने दोघं मुंबईच्या इस्पितळात तपासणीला गेली. मुळं धरायच्या आतच साखरेच्या माऱ्याने पेशी मेल्या होत्या. चाचणीतून नाव गेलं. येसाजी म्हणाला, पेशी शहरातल्या माणसाच्या असणार, त्यांना कामाची सवय नाही.

प्रयागबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “भात लावल्यावर मूळ धरायच्या आधी शेतात गुरं सोडता काय तुमी? शेतकरी ना?” तिने सुई त्याच्या हातात कोंबली. “मी अपेक्षाकडं ऱ्हाणार हाय. टोचा.”

येसाजीने नर्सकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग डोळे मिटून पोटात सुई घातली.

“दुखत नाय की गो,” तो नवलाने म्हणाला.

बारा वर्षं. प्रयागबाई तिथेच बाकावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.