चंद्रव्वाची कडक भाकरी आणि माझ्यावरची चिठ्ठी

साहेब, माझ्या पेटीवर 'यंत्र चुकतं, भंगारात द्या' ही चिठ्ठी तुम्ही चिकटवलीत. ती खोटी आहे, आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे!

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे, माणसाच्या तोंडात फिरणारा. मी भराभर फोटो काढतो, एकाला एक जोडतो आणि पडद्यावर अख्खा जबडा उभा करतो. पूर्वी माप घ्यायला तोंडात लगदा भरायचे, लोकांना ओकाऱ्या यायच्या. भवानी पेठेतल्या साहेबांच्या दातांच्या दवाखान्यात मी आलो, तेव्हा मला बघायला ही गर्दी!

माझी अट एकच. प्रवासात हिसके बसले, की आधी माझी नजर तपासायची. त्यासाठी एक डबी आहे. तिच्यात माझं टोक घालायचं, दोन मिनिटं थांबायचं. दर गुरुवारी मला एसटीनं अक्कलकोटच्या शाखेत न्यायचे. साहेब म्हणायचे, "रांग लागलीय, डबी राहू दे." एकेका दाताचं काम निभावून गेलं.

मग चंद्रव्वा आली. तिच्या जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवले होते, त्यांवर तीन दातांचा पूल बसायचा होता. दोन स्क्रूंमधलं अंतर केसभरही चुकून चालत नाही.

"नातीच्या लग्नात कडक भाकरी चावनार हाय म्या!" ती म्हणाली.

तेव्हाही डबी न उघडताच माझ्याकडून माप घेतलं. त्यावरून बनवलेला पूल आला आणि एका बाजूनं उचललेलाच राहिला. लग्न आठ दिवसांवर! साहेबांनी खापर माझ्यावर फोडलं, चिठ्ठी डकवली.

मदतनीस दीक्षा पेटलीच. डबीवरची धूळ तिनं बोटानं पुसून दाखवली. "सर, वर्षभर ही उघडलेली नाही. आज मी उघडते."

"उगीच वेळ घालवू नकोस."

"घालव की गं पोरी!" चंद्रव्वा खुर्चीतनं गरजली. "दात माजं, येळ बी माजा!"

दोन मिनिटांत माझी नजर लख्ख झाली! दीक्षानं लाळ टिपली, मागच्या दाढेपासून मला सावकाश फिरवलं. काय सांगू मित्रांनो, पडद्यावर एक ठिगळ नाही!

सहाव्या दिवशी नवा पूल चपखल बसला. चंद्रव्वानं तिथंच पदरातनं भाकरीचा तुकडा काढला. कडाक!

"अय्यय्यो, लई झ्याक!"

अख्खी रांग हसली. साहेब तेवढे हसले नाहीत.

यंत्राची नजर माणसानंच राखायची असते, मित्रांनो. चिठ्ठी अजून पेटीवर आहे, उद्या भंगारवाला येणार आहे. साहेब, ती दोन मिनिटांची डबी तुम्ही वर्षभर का उघडली नाहीत? दीक्षासमोर, चंद्रव्वासमोर उत्तर द्या!